राणीचा कडा

पुस्तिकेत माझा फोटो छापलास तो छापलास, निदान कवळी तरी घालू द्यायची होतीस. आणि खाली काय, तर 'राणीच्या कड्याची कथा, आजीच्या तोंडून'. कुणाला विचारून?

प्रिय चिमणे, आशीर्वाद.

नगरपालिकेचा साहेब परवा घरी येऊन गेला. तुझी पुस्तिका वाचून ते कड्यावर दगडी पाटी लावणार आहेत, गावाचा वारसा म्हणून. गाव सजलंय खरं. जुन्या बंगल्यांना रंग दिलाय, घोड्यांच्या तळाजवळ बाकं टाकलीत, धुकं तेवढं अजून जुनंच आहे. पाहुणे कड्यावर उभे राहून राणीसाठी हळहळतात आणि माझ्या टपरीवर येऊन चहा पितात. पंचेचाळीस वर्षं मी त्यांना रडवतेय.

ती राणी कधी नव्हतीच, पोरी. मीच केली. कड्याला कठडा बसवला त्या हंगामात एका बाईनं विचारलं, इथं काय झालं होतं म्हणून. खरं सांगितलं असतं तर तिनं कप तसाच खाली ठेवला असता. मी म्हटलं, राणीनं उडी मारली. पुढच्या वर्षी राणीला पांढरा घोडा दिला, त्याच्या पुढच्या वर्षी प्रियकर. एका आजोबांना प्रियकर पटेना, तर त्यांच्यापुरता नवरा केला. थापेला काय, कुठलंही झबलं बसतं.

गेली ती माझी धाकटी बहीण. आम्ही दोघी हॉटेलच्या घोड्यांसाठी गवत कापायचो. कड्याच्या तोंडाशी गवत चांगलं, पण जागा वाईट, म्हणून एकेक दिवस वाटून घेतला होता. तो दिवस माझा होता. कंबर धरलीय असं मी तिला सांगितलं. धरली नव्हती, कंटाळा आला होता. ती विळा घेऊन उठली नि म्हणाली, "तू बस गं अक्का, मी आलेच." तिथून घसरली. आधी लोक त्या जागेला धाकटीचा कडा म्हणायचे. माझ्या राणीनं तिला तिथूनही घालवलं.

तिच्यामागं सात महिन्यांचं पोर राहिलं. त्याचा बाप आधीच तोंड काळं करून गेला होता. मी उचललं, माझं म्हणून वाढवलं. तो तुझा बाप. माझ्या जिभेच्या धाकानं गावात कुणी त्याला खरं सांगितलं नाही, आणि तो मला आई म्हणायला लागल्यावर माझीच जीभ रेटेना. त्यालाही मी राणीच सांगितली. आता ती दगडात कोरली जाईल, म्हणून लिहायला बसले. साहेबाला थांबवून ठेवलंय. पाटीवर राणी की धाकटी, हे मी ठरवणार नाही, तूही नाही. हे पत्र तुझ्या बापाच्या हातात दे. वाचून दाखवू नकोस, तू मध्येच आवाज लावतेस. फोनही नको, फोनवर तो 'बरं' म्हणून ठेवून देईल. उत्तर त्यानं लिहायचं, स्वतःच्या अक्षरात. आणि पत्राच्या वर, मायन्यात मला काय म्हणायचं, तेही त्यानंच ठरवायचं.

तुझीच,
म्हातारी