माप घ्यायचं नसतं

३ जानेवारी

आणली एकदाची घरी! घरी म्हणजे दुकानात. वरच्या खोलीचा जिना तिला चढायचा नाही, म्हणून कापायचं टेबल बाहेरच्या पडवीत काढलं आणि खिडकीखाली तिची खाट टाकली. कटिंग आता जमिनीवर बसून. माझे गुडघे कुरकुरतील, कुरकुरू देत.

भिंगरी हे नाव आम्हीच ठेवलेलं. नऊ वर्षांत ही पोर एका जागी बसलेली कुणी पाहिली नाही. आधी साधा घसा धरला. मग गुडघा सुजला, तो उतरला तर घोटा, मग मनगट — दुखणं नुसतं बिऱ्हाड बदलत फिरत होतं. संधिवाताचा ताप, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला वाटायचं संधिवात म्हाताऱ्यांना होतो. सांधे बरे होतील म्हणाल्या, काळजी हृदयाची आहे. एक झडप किंचित गळते. विश्रांती, गोळ्या, दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, आणि एप्रिलमध्ये पुन्हा तपासणी. झडप सावरली तर धावेल, उड्या मारेल. नाही सावरली तर — पुढचं मी ऐकलंच नाही. ह्यांनी ऐकलं. मी अजून विचारलेलं नाही.

तिची उड्यांची दोरी कात्रीशेजारच्या खिळ्याला टांगली आहे. तिनंच सांगितलं, "मला दिसेल अशी टांग."

५ जानेवारी

तिला पुढून उघडणारे झगे हवेत, तपासायला सोपे पडतात. टेप घेऊन खाटेशी गेले तर मास्तर केवढ्यांदा ओरडले. मास्तर म्हणजे माझे सासरे. सगळी गिऱ्हाइकं मास्तर म्हणतात, मग मीही. दुकान त्यांचं, मला शिवण शिकवलं त्यांनीच. हात थरथरायला लागले तशी कात्री माझ्याकडे दिली. आता कोपऱ्यात बसून बॉबिनी भरतात आणि माझ्या चुका काढतात.

"ठेव ती टेप. आजारी माणसाचं माप घ्यायचं नसतं."

"हे कधीपासून?"

"आमच्या उस्तादांपासून. चांगली उभी राहील तेव्हा घे."

इतकी वर्षं मास्तरांच्या हाताखाली काढली, कधी ऐकलं नव्हतं. पण असल्या बाबतीत वाद कोण घालणार? आणि तेही आत्ता? अंदाजानं कापले, चांगले ढगळ.

"आई, हा झगा नाही, तंबू आहे," भिंगरी म्हणाली. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच टवाळी केली. जीव हलका झाला.

१७ जानेवारी

इंजेक्शन. तिनं ह्यांचा हात असा आवळला की बाहेर पडताना बोटं चोळत होते हे. आणि रडलं कोण? तेही हेच.

२ फेब्रुवारी

सूज उतरली. ताप नाही. खाटेवर बसून बटणं रंगांप्रमाणे लावते, लोहचुंबकाला दोरा बांधून जमिनीवरच्या टाचण्या वर ओढते आणि गिऱ्हाइकांवर नजर ठेवते.

आज ते पोस्टातले जाडे गृहस्थ आले होते. म्हणाले, कमर मागच्या वेळचीच ठेवा. मी टेप लावली. खाटेवरून आवाज — "काका, आधी श्वास सोडा." मास्तरांच्या हातातली बॉबिन घरंगळत उंबऱ्यापर्यंत गेली. मी डोळे वटारले आणि दोरा आणायच्या निमित्तानं मागे जाऊन पोटभर हसले. गृहस्थ भले. त्यांनी श्वास सोडला.

११ फेब्रुवारी

भिंगरीच्या शाळेतल्या बाईंचा फोन. पाय मोडलाय, प्लास्टरमध्ये आहे, घरी येऊन पोशाखाचं माप घेऊन जाल का? मी ठणकावलं, "आमच्यात आजारी माणसाचं माप घेत नाहीत."

"अहो, पाय मोडलाय. कमर नाही मोडली."

"तरीसुद्धा."

बाईंनी फोन ठेवला. गेलं गिऱ्हाईक. पण नियम म्हणजे नियम — पोरीसाठी पाळायचा आणि लोकांसाठी मोडायचा, असं कसं चालेल? मास्तरांना तेवढ्यात खोकल्याची जोरदार उबळ आली. पाणी दिलं. बराच वेळ खिडकीकडे तोंड करून बसले होते.

२६ फेब्रुवारी

घसा!! सकाळी उठली तीच घोगऱ्या आवाजात. पुन्हा घसा म्हणजे पुन्हा ताप, पुन्हा ती झडप. अर्धं कापलेलं कापड तसंच टाकून दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी टॉर्च लावून पाहिलं. काल दिवसभर काय केलंस? म्हणे, आजोबांना गोष्टी वाचून दाखवल्या. किती? अख्खं पुस्तक. आणि मशीन खडखडत असतं ना, म्हणून ओरडून!

"घसा लाल नाही. बसलाय नुसता. तरी नमुना तपासायला पाठवते."

बाहेर आल्यावर तिच्यावर इतकी ओरडले, इतकी ओरडले की घरी पोचेपर्यंत माझाही आवाज बसला. मग दोघी खुणांनी बोलत होतो.

२८ फेब्रुवारी

नमुना स्वच्छ. देवा!

१९ मार्च

आता दुकानात फेऱ्या मारायची परवानगी आहे. शाळेचा नवा गणवेश शिवायला घेतला. मास्तरांना विचारलं, आता तर उभी राहते, घेऊ माप? "तपासणी होऊ दे," म्हणाले. बरं. भिंतीवर तिचा गेल्या वर्षीचा कागदी साचा होता, त्यावरून कापला.

संध्याकाळी घातला तर बाह्या मनगटाच्या केवढ्या वर, गुडघे उघडे! दुनियेचे कपडे शिवते आणि स्वतःच्या लेकीचा गणवेश आखूड शिवून बसले. शिकाऊ पोरगीसुद्धा असं करणार नाही. झोपून झोपून वाढली की कार्टी! ह्यांना हाका मारून बोलावलं, आरसा धरायला लावला. सगळे हसत होतो आणि मला वाटत होतं, अशी चूक रोज व्हावी.

उसवणार नाही तो. तसाच ठेवणार.

९ एप्रिल

काय लिहू! हात थांबत नाही आणि शब्द सुचत नाहीत.

अंधाऱ्या खोलीत पडद्यावर तिचं हृदय उघडमीट करताना दिसलं. डॉक्टरीणबाई बघतायत, बघतायत. मी ह्यांची तीच बोटं आवळून धरली. शेवटी म्हणाल्या, "गळती आता जवळजवळ दिसतच नाही."

धावू देऊ का? द्या, हळूहळू वाढवत. पण इंजेक्शन चुकवायचं नाही, मोठी होईपर्यंत.

"मोठी म्हणजे आईएवढी?" भिंगरीनं विचारलं. "कारण तेवढी मी होतच आलेय."

घरी आल्या आल्या दोरी खिळ्यावरून काढली. फक्त थोड्याच हं, म्हणेपर्यंत दोरीनं खडूंचा डबा उडवला. सगळं दुकान पांढरं. कुणी आवरायला उठलं नाही. मी रडले. खूप छान वाटलं.

१० एप्रिल

सकाळी मास्तरांनी स्वतः टेप घेतली. "ये गं भिंगरे, उभी राहा." खांदा, छाती, कमर, उंची. हात थरथरत होता, आकडे ठणठणीत होते.

मी म्हटलं, तुमच्या उस्तादांचा नियम शेवटपर्यंत पाळला हो.

"कसला नियम? असा काही नियम नाही. कधी नव्हता."

मला आधी त्या प्लास्टरवाल्या बाईच आठवल्या!

टेप गुंडाळत म्हणाले, "दवाखान्यातून आली तेव्हा नुसती काडी झाली होती पोर. तुला सगळं इंचांत कळतं. तो आकडा बघितला असतास तर पुन्हा कात्री धरली असतीस का?"

"आणि तुम्ही?"

"मी नजरेनं घेतलं होतं. घरात एकानं घेतलं, तेवढं पुरे."