देव जिन्याने आला त्या दिवशी

प्रिय आये,

आज फादरांचा फोन आला होता, म्हणून लिहायला बसले. आपलं चर्चचं देऊळ पुन्हा उघडलंय गं. एका बाकावर दोघंच, तोंडाला मास्क, गाणी बंद, शांती द्यायची तर लांबूनच हात जोडायचे. पण उघडलंय! फादर म्हणाले, "मोनिका, म्हातारी आणि आजारी माणसं अजून घरातच अडकलीत. त्यांना कम्युनियनची पवित्र भाकर नेऊन द्यायला मला कोणीतरी हवंय. तू करशील का?" मी म्हटलं, विचारून सांगते. "कोणाला विचारणार?" त्यांनी हसून विचारलं. आता काय सांगणार त्यांना!

तुलाच विचारायचंय. कारण या बाबतीत तुझं मत अख्ख्या पॅरिशला ठाऊक होतं.

कम्युनियनच्या वेळी फादरांच्या शेजारी एखादी सिस्टर किंवा कोणी साधा माणूस वाटायला उभा राहिला, की तू सरळ रांग सोडायचीस. कोपराने वाट काढत फादरांच्या रांगेत घुसायचीस. एकदा तर फादरांनीच मध्येच जागा बदलली आणि तू भर देवळात उलटी फिरलीस. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. बाहेर आल्यावर मी भांडले तर म्हणालीस, "देव काय कोनाच्याय हातान येतो का गं? फादरच्या हाताना दीक्षेच्या तेलाचा आशीर्वाद हाय. त्या सिस्टरनं काय लावलाय, विक्स?"

हसू येतंय आता. तेव्हा किती राग आला होता!

मग लॉकडाऊनचे ते दिवस आले. देवळाच्या फाटकाला कुलूप लागलं, हे मी तुला सांगितलं तेव्हा तू मला वेड्यात काढलंस. तुमच्या गावात वादळात घरांची छपरं उडाली तेव्हाही रविवारची मिस्सा झाली होती, मग आता काय झालंय, असं म्हणत होतीस. झावळ्यांचा रविवार आला आणि झावळ्या नाहीत. गुड फ्रायडेला क्रूसाचं चुंबन नाही. तू घरातला क्रूस काढून मांडीवर घेऊन बसलीस आणि दिवसभर कोणाशी बोलली नाहीस.

मोबाईलवर मिस्सा सुरू झाली तेव्हा तुझी काय तयारी! लाल लुगडं, कानात सोन्याच्या कुड्या, फोनसमोर मेणबत्ती. मी गाऊनवर बसले तर उठवलंस. मध्येच कर्जवाल्यांचा फोन आला आणि फादर गायब झाले, तर तू ओरडलीस, "अगं, फादरना सांग थांबाया! मी हाय म्हनावं अजून!" तुला वाटलं, ते तुला दिसतायत तशी तूही त्यांना दिसतेस. मी समजावलं नाही. कशाला समजावायचं?

पण कम्युनियनची वेळ आली की तुझा चेहरा बघवत नसे. पडद्यावर सांगायचे, मनाने स्वीकार करा. तू हात जोडून ती प्रार्थना म्हणायचीस आणि मग म्हणायचीस, "मनानं जेवून पोट भरतं का गं?"

पावसाळ्यात तुझं हृदय थकलं. हॉस्पिटलात जागा नाही, आणि डॉक्टर व्हिडिओवर बघून म्हणाले, घरीच ठेवा, आता आराम वाटेल तेवढंच करायचं. तुला सगळं कळलं होतं. तू मासे मागितले नाहीस, गावाला ने म्हणाली नाहीस. एवढंच म्हणालीस, "मना देव पायजे. फादरना बोलाव."

आणि नेमकी तेव्हाच आपली बिल्डिंग सील झाली! तिसऱ्या मजल्यावर पेशंट सापडला आणि महापालिकेच्या लोकांनी गेटला बांबू ठोकले. फादरांना आत सोडेनात. किती फोन केले मी, किती हातापाया पडले! शेवटी फादर म्हणाले, "मी गेटपर्यंत येतो. वर तू ने."

मी? माझ्या हातून तू घेशील? सिस्टरच्याही हातून कधी न घेणारी तू? मला रडूच आलं. तू नाही म्हणालीस तर देव दारापर्यंत येऊन परत जाणार, आणि तू उपाशीच जाणार, ही एकच भीती मनात होती. तुला सांगायची हिंमत झाली नाही. "फादर येतायत" एवढंच सांगितलं. तू आदल्या संध्याकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नाहीस. कम्युनियनआधीचा उपवास आजाऱ्याला नसतो म्हटलं तर म्हणालीस, "मना नको शिकवू."

फादर स्कूटरवरून आले. गळ्यात कापडी पिशवी, तिच्यात कम्युनियनची ती छोटी सोनेरी डबी. बांबूच्या अलीकडे काही ठेवायला जागा हवी होती. आपल्या वॉचमनने स्वतःची प्लास्टिकची खुर्ची आणली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि विचारलं, "फादरजी, चलेगी?" फादर म्हणाले, "बहुत चलेगी." त्यांनी बांबूंमधून हात घालून खुर्चीवर पांढरं कापड अंथरलं, डबी ठेवली, गुडघा टेकला आणि मागे सरकले. मला म्हणाले, "वाटेत कोणाशी बोलू नको. सरळ आईकडे जा."

मी डबी उचलून छातीशी धरली. आये, वजन काहीच नव्हतं गं! लहानपणापासून ज्याच्यासमोर गुडघे टेकले तो माझ्या दोन हातांत होता, आणि मी लिफ्ट बंद म्हणून जिन्याने निघाले होते, पायात बाथरूमच्या चपला घालून. त्या मी पहिल्या पायरीवरच काढून ठेवल्या.

दारं उघडायला लागली. "काय झालं गं? आई बरी आहे ना?" "अरे, नीचे क्यूँ गई थी? सील है ना!" मी गप्प. लोकांना वाटलं तू गेलीस. एक बाई तर रडायलाच लागली. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या पवार काकू बाहेर आल्या. त्या माझ्या हातांकडे बघतच राहिल्या. मग वरच्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गप्प बसा रे सगळे! चुप रहो! ती देव घेऊन चाललीय."

त्यांना कसं कळलं? नंतर विचारलं तर म्हणाल्या, तूच सांगितलं होतंस, पॅसेजमध्ये दोघी बोंबील साफ करत बसायचात तेव्हा. तुझ्या लहानपणी गावात फादर आजाऱ्याकडे देव घेऊन निघाले, की पुढे घंटा वाजायची आणि कोळणी डोक्यावरच्या पाट्या उतरवून रस्त्यातच गुडघे टेकायच्या. मला कधी सांगितलं नाहीस ते! रत्नागिरीच्या पवार काकूंना सांगितलंस!

काकू आत गेल्या आणि देवघरातली घंटा घेऊन आल्या. मास्क नीट केला, माझ्या बऱ्याच पुढे राहिल्या आणि घंटा वाजवत जिना चढू लागल्या. मी मागून. एकेका दारात माणसं उभी राहत गेली. कोणी हात जोडले, कोणी डोक्यावर पदर घेतला. तिसऱ्या मजल्यावर ज्यांच्या घरातला माणूस नेला होता, त्यांनी दार उघडलं नाही, पण जाळीमागे सगळे उभे होते. कोणी एक शब्द बोललं नाही. आपल्या बिल्डिंगमध्ये, जिथे पाण्याच्या टाकीवरून रोज भांडणं! माझ्या अंगावर काटा आला तो अजून तसाच येतो, लिहितानाही.

आपल्या दाराशी काकू थांबल्या आणि बाजूला झाल्या. मी आत आले.

तू घंटा ऐकून उठून बसायची धडपड करत होतीस. माझ्या मागे बघितलंस. फादर नाहीत. मग माझ्या हातांकडे बघितलंस, आणि तुला समजलं. तू इतका वेळ बघत राहिलीस की मला वाटलं, झालं, आता मान फिरवणार.

तू हात पुढे केलास. माझा उजवा हात धरलास, ओठांशी नेलास आणि बोटांचं चुंबन घेतलंस. जुन्या बायका फादरांच्या हाताचं घेतात तसं. माझ्या हाताचं, ज्याला सकाळी लसूण सोलल्याचा वास येत होता!

"आये, अगं, मी मोनू आहे," मी कशीबशी म्हटलं.

"माहीत हाय. गप. तुजा काम कर."

मी म्हटलं, "ख्रिस्ताचे शरीर." तू "आमेन" म्हणालीस आणि डोळे मिटून तोंड उघडलंस. तुझी जीभ कोरडी पडली होती, गिळता येईना. मी चमच्याने पाणी पाजलं. मग तू कितीतरी वेळ तशीच पडून राहिलीस. मी तुझा चेहरा बघत होते. एवढा भरलेला चेहरा मी तुझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा बघितला नाही.

थोड्याच दिवसांत तू गेलीस. दफनाला मोजकी माणसं, ना बँड, ना मोठी मिस्सा. त्याचं दुःख आहेच. गावातल्या तुझ्या मैत्रिणींना येता आलं नाही, त्या अजून मला बोल लावतात. पण तू उपाशी गेली नाहीस, एवढं मी त्यांना सांगते.

मग आता काय म्हणतेस? फादरांना काय सांगू? माझ्या हातांना अजूनही तेल लागलेलं नाही. मला भीती वाटते गं, त्या जिन्यावर वाटली होती तेवढीच.

पण तू म्हणालीस ना, काम कर म्हणून. करेन. उद्याच फादरांना हो सांगते. वाटेत कोणाशी बोलणार नाही. आणि एखादी तुझ्यासारखी म्हातारी भेटलीच, मान फिरवून "तुज्या हातान नको" म्हणाली, तर मी रागावणार नाही, वादही घालणार नाही. फादर येईपर्यंत तिच्या उशाशी गुडघे टेकून बसून राहीन. हे वचन.

तुझीच,
मोनू