कड्याची खूण

औली, ७ जानेवारी २०२५

ती. देवीलालकाकांस,
उज्ज्वलाचा शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. इथे स्कीच्या प्रशिक्षणात फोन जमा करून घेतात, तेव्हा पत्रच लिहायचं. निवृत्त मास्तरांना तेवढंच शुद्धलेखन तपासायला मिळेल!

बर्फ पाहून दोन दिवस नुसती हसत होते. तिसऱ्या दिवशी स्कीचे बूट चढवले आणि हसू पळालं. बूट कसले, टणक प्लास्टिकचे डबे. अर्ध्या नडगीपर्यंत येतात आणि वरून चार चाप आवळायचे. संध्याकाळी काढले की नडगी काळीनिळी आणि पोटऱ्या दगडासारख्या. पंधरा फेब्रुवारीला परीक्षा आहे. त्याआधी तीन दिवस खाडा झाला की नाव कटलं, असं आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी सांगितलंय. माझा एक दिवस गेलाच. पास झाले तर पुढच्या हिवाळ्यात इथेच शिकवायला राहता येईल. काका, मला ते फार फार हवं आहे.

दादीला पायाचं सांगू नका, जेवायची नाही ती. सर्वांना जय सेवालाल.

आपली,
उज्ज्वला

धरमसिंग तांडा, ता. पुसद, १४ जानेवारी

चि. उज्ज्वलास अ. उ. आ.

कापूसवाल्यांच्या घरची पोर आणि तिच्या पायाला टोचतं म्हणजे काय? सोबत घरचा कापूस पाठवतो आहे. सरकी मी स्वतः बसून काढली. बुटात चांगला दाबून भर, गादीवर उभी राहिल्यासारखं वाटेल. पुसदच्या बाजारात भेटेल त्याला सांगतो की आमची पोर बर्फावरून धावते. शेजारच्या खेमसिंगला खरं वाटत नाही, पण जळतो मात्र भरपूर.

तिळगूळ कापसाखाली आहे. काळजी घे, कळव.

तुझा काका,
देवीलाल

औली, २२ जानेवारी

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ फार गोड होता. कापसाचं मात्र काय सांगू! तुम्ही म्हणालात तसा दाबून भरला. तासाभरात बोटं बधिर झाली आणि नडगीवर टेंगूळ आलं. रागावू नका, माया पोचली हो. पण दुसरा दिवसही बाहेर बसण्यात गेला. आता एकच उरला. रात्री पाय उशीवर ठेवून पडते आणि परत यावं लागलं तर सगळ्यांना काय तोंड दाखवू, एवढंच मनात येतं.

दादीला माझा नमस्कार. बाकी काही नका सांगू.

आपली,
उज्ज्वला

धरमसिंग तांडा, २९ जानेवारी

चि. उज्ज्वलास अ. उ. आ.

सांगावं लागलं. पाकीट दादीच्याच हाती पडलं आणि तिने ओट्यावर बसवून मला ते मोठ्याने वाचायला लावलं. आधी माझी चंपी झाली. पायात कापूस कोंबतेत का कुठं, अन् मले इचारलं काहून नाही, म्हणाली. मग जे सांगितलं ते मला या वयापर्यंत ठाऊक नव्हतं.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्या दोन्ही पायांत चांदीची जड कडी घातली होती. दुखायला लागलं म्हणून तिनेही आत कापूस कोंबला आणि पाय सुजले. तिच्या सासूने, लालीबाईने, तो सगळा उपसून फेकला आणि चालायला शिकवलं. पुढचं दादीच्या शब्दांत लिहितो, एकही शब्द सुधारलेला नाही.

पोरी, कापूस फेक. पायाले एकच पातळ कापड, अन् त्याले एकबी सुरकुती नको. दुखते म्हणून पाय मांगं ओढू नको, मांगं ओढला का कडं नडगीवर आपटते. गुडघा पुढं झुकव, त्याले टेकूनच चाल. बसली का ढिलं कर, पायाले जरा सास घेऊ दे. मंग ते कडं तुह्या पायाले वळखते.

तू जन्मायच्या आधीच तिने कडी उतरवली. पुसदला बायका बघून हसायच्या म्हणे. खुणा अजून आहेत. लुगड्याचा काठ ती सारखा खाली ओढते ना, तो त्यासाठी. मला वाटायचं, तिला थंडी वाजते.

तुझा शरमिंदा काका,
देवीलाल

औली, १६ फेब्रुवारी

ती. काकांस आणि माझ्या दादीस,
शि. सा. न. वि. वि.

पास झाले! तिसरा खाडा झालाच नाही.

दादी, सुरकुती सापडली. मी दोन मोजे घालत होते आणि आतल्या गरम पायजम्याचं टोकही बुटात खुपसत होते. सगळं काढून एकच पातळ मोजा ठेवला. उस्ताद पहिल्या दिवसापासून पुढे झुका म्हणून ओरडत होते. मी दुखतं म्हणून मागे रेलायचे, आणि मागे रेलले की नडगी आपटायची. उतारावर वर नेणाऱ्या पाळण्याच्या रांगेत उभी असताना चाप ढिले करते. दुखणं एका दिवसात गेलं नाही, पण आठवड्यात निम्मं झालं आणि आता बूट आवळले की उलट धीर येतो.

उस्तादांनी विचारलं, कुणी शिकवलं. दादीने, म्हटलं. ती कुठे स्की करायची, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, यवतमाळ जिल्ह्यात.

दादी, माझ्याही नडगीभोवती गोल खूण उमटली आहे. मी ती इथे सगळ्यांना दाखवते. तुझ्यासारखं चालायला मिळालं, याचा मला अभिमान वाटतो.

तुझीच,
उज्ज्वला

धरमसिंग तांडा, २३ फेब्रुवारी

चि. उज्ज्वलास अ. उ. आ.

तांडाभर साखर वाटली, खेमसिंगला दोनदा. पत्र दादीने तीन वेळा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा शेवटचा भाग ऐकला आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर उन्हात पाय पसरून बसलेली दिसली. लुगड्याचा काठ वीतभर वर खोचलेला. खेमसिंगने खुणा पाहून, काकी, पायाले काय झालं, असं विचारलं. तिने पाय झाकले नाहीत. म्हणाली, आमच्या उज्ज्वलाले हाये ना, तेच.

लोभ आहेच. चाप ढिले करायला विसरू नकोस.

तुझा काका,
देवीलाल