उमाजीचं अळणी

पूर्णा,
ता. ९ फेब्रुवारी १९८७

तीर्थस्वरूप आक्का,

तुझ्या पायावर डोकं ठेवून चंद्रभान लिहितो. इकडं सगळे खाऊनपिऊन बरे आहेत, दुकानात दुरुस्तीची इंजिनं दाटीनं उभी आहेत. दाजी, पत्र तुम्हीच वाचणार, तर आक्काला चुलीपासून उठवा आणि सावकाश वाचा.

आपल्या धाकट्या उमाजीसाठी तू खंडोबाला नवस बोललीस, त्यात गेलं काय? एक नारळ, खोबऱ्याच्या वाट्या आणि सव्वा महिना त्याच्या ताटातलं मीठ. तू म्हणालीस, देव स्वस्तात पावला. आक्का, त्यातलं मीठच महाग पडलं.

उमाजी झोपेना, बडबड थांबेना, घरातली भांडी दिसेल त्याला वाटायला लागला, तवा आपण दोन्ही धरलं. नांदेडच्या डॉक्टरची गोळी मी आणली, अळणी तू धरायला लावलंस. गडी शांत झाला. मी तर पेठेत सांगत फिरलो, "उमाजी माझ्या शब्दाबाहेर न्हाई. मी गोळी पुढं केली की आपसूक तोंड उघडतो."

मग तू आलीस त्या दिवशी त्याचे हात थरथरायले, पाय लटपटायले. तू ओरडलीस, "आला गं माझा मल्हारी अंगात!" तुझ्या भावजयीनं ओवाळलं, मीही हात जोडले. कानाला मात्र खटकलं. देव बोलला की आवाज चढतो. ह्याचा तर तेल संपत आलेल्या इंजिनागत बसत चालला होता. तू पेडगावला घरी परत गेलीस आणि त्याला ओकाऱ्या सुरू झाल्या. मला ओळखेना.

दाजी, इथं थांबा. उमाजी बरा आहे हे आधी सांगा, आक्काला पाणी द्या, मग पुढं वाचा.

तसाच उचलून नांदेडला नेला. डॉक्टर म्हणाले, "खातो काय हा?"

"अळणी, साहेब. एकदम कडक."

त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो, अंगात मीठ कमी पडलं की शरीर ही गोळी बाहेर टाकत नाही. साठवतं. साठली की तिचंच विष होतं."

मला लय नवल वाटलं. कुठं मीठ, कुठं डोकं! म्हणलं, "आणि मीठ जास्त खाल्लं तर?"

"तर गोळी टिकत नाही. आजार परत येईल. कमी-जास्त दोन्ही तपासता, तुम्ही मेकॅनिक का हो?"

सलाईन लावून त्याला उठवला. तिच्यातही मीठच असतं म्हणे.

आता तुझा निरोप आला, नवस अर्धा राहिला, परत अळणी धरा. म्हणून देवळातल्या मुंजाजी भगताकडं गेलो. विचारलं, "काका, देवाला मीठच कशाला पायजे?"

तो तंबाखू मळत हसला. "देव कुठं मागायलाय? काही सोडल्याबिगर माणसालाच करमत न्हाई. गूळ सोडा म्हणावं. तुज्या बहिणीनं सोडला तरी त्याला पोचतंय."

तेही डॉक्टरला जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "गूळ खुशाल सोडा. संध्याकाळी भजनाला बसवा, चांगलंच आहे. पण रात्रभर जागरणाला नेऊ नका, झोप मोडली की आजार उठतो. गोळी, मीठ, पाणी रोज सारखं, आणि मी बोलावीन तेव्हा रक्त तपासायला आणा." म्हणजे भगताचं डॉक्टरला चालतं, डॉक्टरचं भगताला चालतं. अडलंय ते फक्त तुझ्यापाशी.

आक्का, तुला कुणी बोल लावत नाही. आई गेल्यावर तूच त्याला पदराखाली घेतलंस. पण मीठ आता सोडवू नकोस. परत तसा झाला तर डॉक्टर खात्री देत नाहीत.

तू मात्र ये, आणि येताना भंडारा आण. दवाखान्यातून आल्यापासून गोळी दिसली की उमाजी ओठ मिटतो. मी समजावलं, ओरडलो, हातही जोडले. म्हणतो, "आक्काचा भंडारा लाव, मग घेतो." लावला की घेतो. आज डबी खरवडून लावला.

नुसत्या माझ्या हातची गोळी तो घेत नाही.

तुझी वाट बघणारा,
चंद्रभान