खालच्या चार दाढा

बाबा, मागच्या आठवड्यात मी आईच्या चारही दाढा पाण्यात भिजत घातल्या. तुम्ही काढलेल्या. चाळीसहून जास्त वर्षं त्या बाटलीत कोरड्या पडून होत्या, आणि कोरड्या दातात प्रकाश नीट शिरत नाही, म्हणून दोन दिवस भिजू दिल्या. तुम्हाला हे माहीत असण्याचं कारण नाही. तुमच्या सौंसरच्या दवाखान्यात प्रकाश म्हणजे खिडकी, आणि खिडकीपाशी ती लोखंडी खुर्ची. बाकीचा सगळा निवाडा तुमची सळी करायची. टोकाला वाकवलेली ती बारीक सळी दाढेच्या खाचेत दाबायची. अडकली तर कीड, सुटून आली तर दाढ चांगली. तुम्ही मात्र इतक्या जोरात दाबायचात की चांगल्या खाचेतही ती अडकायची.

त्या रविवारी शाळेला सुट्टी आहे, मी सातवीत आहे आणि तुमच्या शेजारी ट्रे धरून उभी आहे. सिस्टरांच्या शाळेत जाणारी तुमची मुलगी, इस्त्रीच्या फ्रॉकमध्ये. तुम्ही हाक मारता तशी आई स्वयंपाकघरातून ओले हात पदराला पुसत येते. तिला काहीही दुखत नाहीये.

"आ कर."

"दुखत नाही ना जी काही."

"दुखल्यावर येशील का मंग? हे पाह्य, खाचा कशा काळ्याभोर झाल्या. मिशरी घासून घासून कीड पोसून राहिली तू तोंडात."

"पोरीसमोर कायले बोलता," आई म्हणते, आणि तरी हसते. "किती ठेवता मंग?"

"खालच्या चार निघतीन. दोन आज, दोन पुढच्या रविवारी. भेऊ नको."

ती भ्यायली नव्हती. तुमच्यावर विश्वास ठेवणं ही तिच्यासाठी अभिमानाची गोष्ट होती. आपल्या वस्तीतले तुम्ही पहिले डॉक्टर; बाहेरच्या बाकावरची माणसं तुम्हाला पाहून उठून उभी राहायची आणि जय भीम म्हणायची. त्याच संध्याकाळी तुम्ही काकांना सांगत होतात ते मी ऐकलं: "डॉक्टरच्या बायकोचंच तोंड काळं असलं तर लोक काय म्हणतीन?" तेव्हा मला तुमचं पटलं होतं. मैत्रिणी घरी आल्या की आईने तोंड मिटून बसावं असं मलाही वाटायचंच.

पुढे आईचे फुटाणे सुटले. बाजारातून येता येता पुडी संपवणारी ती, पण त्यानंतर पुडी आमच्या हातात द्यायची. भाकर वरणात कुस्करून, भिजू देऊन खायची. तुम्ही करून दिलेली कवळी हिरडीला टोचायची, ती डब्यात पडून राहिली. समोरच्या दातांनी ती काही चावायला लागली की "खारुताई आली" म्हणून तुम्ही हसायचात, आणि आम्हीही हसायचो.

मला दातांच्या कॉलेजात प्रवेश मिळाला त्या वर्षीचा तुमचा चेहरा अजून आठवतो. नव्या मुलांना हात बसवायला काढलेले दात लागतात आणि चांगले दात मिळता मिळत नाहीत. निघायच्या दिवशी तुम्ही वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली माझ्या पिशवीत ठेवलीत. म्हणालात, "ह्या चार तुह्या आईच्या. एकदम निकोप हायेत, कोरून पाहाले बेस." माझे डोळे भरून आले होते. तुम्ही त्या इतकी वर्षं जपून ठेवल्या, एवढंच मला त्यात दिसलं. निकोप हा शब्द मी ऐकला आणि ऐकलाच नाही. अर्थात त्या मी कोरल्या नाहीत. ट्रंकेत साड्यांच्या घडीत ठेवल्या.

आता माझ्या पांढुर्ण्याच्या दवाखान्यात पेनाएवढा एक कॅमेरा आहे. त्यातून निघणारा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण दातातून आरपार जातो. चांगला भाग पडद्यावर उजळ दिसतो, कीड असेल तिथे सावली पडते. वरच्या डागांना तो फारसा जुमानत नाही. मागच्या आठवड्यातच सावरगावची एक बाई आली होती, दाढांच्या खाचा आईसारख्याच काळ्या. मी पडदा तिच्याकडे वळवून सांगितलं, डाग आहे फक्त, आत काही नाही, राहू द्या. ती पडद्याकडे वाकली. "मंग मॅडम, इतकी वर्षं मले काहून भेव दाखवून राहिले होते सारे?" ती गेल्यावर मी दुपारचा दवाखाना बंद केला आणि घरी येऊन ट्रंक उघडली.

चारही दाढा उजळ आहेत, बाबा. कुठेच सावली नाही. माझा विश्वास बसेना, म्हणून एक दाढ मधोमध कापली. काळेपणा वरच्या वर, नखाने खरवडावा इतकाच. तुमच्या काळी असलं यंत्र नव्हतं असं म्हणून मी तुम्हाला सोडून दिलं असतं. इतर लोकांच्या दाढांबाबत सोडतेही. पण निकोप हा शब्द तुमचा आहे. तुम्हाला माहीत होतं. काढतानाच माहीत होतं की काढल्यावर कळलं, एवढाच प्रश्न उरतो, आणि दुसरं खरं असेल तर तिच्यासमोर बसून एकदा सांगायला तुमच्याकडे अख्खं आयुष्य होतं.

तुम्ही गेल्यापासून आई माझ्याकडेच असते. जेवता जेवता बेसिनपाशी दाढांची वाटी आणि तुमची ती बाटली पाहून तिने विचारलं, "माह्या दाढा होय ना त्या? काय निघालं मंग?"

"कीड होती, आई. खूप आतपर्यंत."

"मी म्हणतच होती," ती म्हणाली. "उगाच नाही काढणार ते." आणि मऊ भाताचा घास घेतला. किती समाधान होतं तिच्या चेहऱ्यावर.

हे लिहिलेलं कुठे पाठवायचं नाही. आईच्या हाती लागू नये म्हणून फाडूनही टाकेन. खोटं मी तिच्यासाठी बोलले असं दोन दिवस स्वतःला समजावत होते. तसं नव्हतं. हा कॅमेरा येईपर्यंत मीही तुमच्यासारखीच सळी दाबत होते, तुमच्याइतक्याच जोरात. खरं सांगितलं असतं तर आईने पुढे विचारलं असतं, "आन् तू किती काढल्या?" मला त्याचीच भीती वाटली.