वेळेआधीचं सुतक

७ नोव्हेंबर, गुरुवार

इंटरच्या वर्गात आज 'क्रोनॉस'. ग्रीक भाषेत काळ. फळ्यावर त्याचं सगळं गोत मांडलं — क्रॉनिक, क्रॉनिकल, क्रोनॉलॉजी, सिंक्रोनाइझ. क्रॉनिक म्हणजे भयंकर, असं अख्ख्या वर्गाचं मत! म्हटलं, नाही रे बाबांनो, क्रॉनिक म्हणजे नुसतं रेंगाळणारं. माझ्या सासऱ्यांचा दमा क्रॉनिक, तुमचा आळस क्रॉनिक. हसले मेले.

घरी पोचते तर मामाजी खाटेवरून — "सूनबाई, मारोती आला. दुधाचा गंज घे." पातेलं घेऊन दारात गेले. कोणी नाही! बडबडत आत वळले, तेवढ्यात दूधवाल्या मारोतीची फटफटी येऊन थांबली. कान तिखट आहेत म्हाताऱ्याचे.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

"लाइन गेली ना बाप्पा," मामाजी म्हणाले. समोर टीव्ही चालू. लाइन गेली ती जेवणं झाल्यावर.

१० नोव्हेंबर, रविवार

काल मामाजी रिकामी बोटं चाटत होते. "अश्विनीचे सीताफळं लई गोड हायेत." मी हसले. नवरोबा उद्धवही हसला — "बाबा आपल्याशी सिंक्रोनाइझ नाहीत आता." माझेच शब्द मला ऐकवतो!

आज दुपारी बेल्लमपल्लीच्या बसमधून अश्विनी उतरली. न कळवता. माझी एकुलती एक नणंद, कधीही आली तरी घर भरतं. पण तिच्या हातातली पिशवी घेतली आणि आत पाहिलं. सीताफळं.

आधी दोन-चार मिनिटं, मग काही तास, आता दिवस. अंतर वाढतंय.

११ नोव्हेंबर, सोमवार

आजचा शब्द ॲनाक्रोनिझम. ज्या काळातलं नाही ते त्या काळात दिसणं. मयूरी म्हणाली, "सिनेमात राजाच्या मनगटावर घड्याळ, मॅडम." वर्ग खिदळला. मला हसू आलं नाही.

१३ नोव्हेंबर, बुधवार

तुळशीचं लग्न. ऊस बांधला, रांगोळी काढली, बोरं-आवळे ठेवले. आमच्याकडे मंगलाष्टकं मामाजीच म्हणतात, दम लागला तरी. आज उठेचनात. सकाळी देवपूजाही केली नव्हती, दिवासुद्धा नाही.

"काऊन हो मामाजी? बरं नाही वाटून राह्यलं का?"

"सुतकात लगन लावते काय कोणी?"

"कोणाचं सुतक?"

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "इचारू नको."

कोणा पुतण्याचं, चुलतभावाचं? नाही. भावकीत कोणी उरलेलंच नाही. लग्न उद्धवने कसंबसं उरकलं. माझ्या हातातल्या अक्षता तशाच राहिल्या.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

कॉलेजच्या जाडजूड कोशात सापडला. प्रोक्रोनिझम. घटना तिच्या खऱ्या तारखेच्या आधी टाकणे. पुढे लिहिलंय — कालगणनेतली चूक. चूक! तो एक शब्द पुन्हा पुन्हा वाचला. बरं वाटलं थोडं.

संध्याकाळी डोकं चालायला लागलं. सासरी गेलेल्या लेकीचं सुतक बापाला तीन रात्री. घरच्या माणसाचं दहा दिवस. परवा सकाळी मामाजींनी देवापाशी दिवा लावला तर अश्विनी. नाही लावला तर उद्धव. नाहीतर हैदराबादला शिकणारं माझं पोर, ईशान.

उद्धवला सांगितलं. "ऐंशीच्या पुढचा माणूस आहे तो! काहीबाही बोलते. तू काय त्याचं गणित मांडून राह्यली?" चिडून बाहेर पडला. बाईक घेऊनच गेला.

१६ नोव्हेंबर, शनिवार

पहाटेपासून देवघरासमोर बसून होते. मामाजींची आंघोळ झाली. उठले, देवघरापर्यंत आले. मी मनातल्या मनात विनवत होते — लावा, दिवा लावा, लावा ना!

ते तिथूनच परतले. समई कोरडीच.

मग कळलं मी काय मागत होते ते. जिने गेल्या रविवारी स्वतःच्या हाताने सीताफळ फोडून मला भरवलं तिचं मरण! तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. बेल्लमपल्लीला अश्विनीला फोन केला, काहीही बोलले. "वहिनी, रडून राह्यली का वो?" म्हणाली. सर्दी झालीय म्हटलं.

आणि तरीही — तिचं नाही म्हणून आनंद झाला नाही. भीतीच वाटली फक्त.

१७ नोव्हेंबर, रविवार

ईशानला चार वेळा फोन. गाडीवर बसू नको, तलावावर जाऊ नको, गच्चीवर जाऊ नको. "आई, तुझी काळजी क्रॉनिक झालीये," म्हणाला. शिकवलं मीच. उद्धवच्या बाईकची किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली. बोंब मारत ऑटोने गेला.

घास उतरत नाही. मामाजी अळणी जेवतात, चटईवर निजतात. माझ्याकडे बघत नाहीत.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

रात्री जेवताना मामाजींनी उद्धवचा हात धरला. डोळ्यांना धार. "रडू नको बापू. आता ईशानची मायबी तूच अन् बापबी तूच."

मी ताटात वरण वाढत होते. मी! स्वतःला मोजलंच नव्हतं.

उद्धव गोंधळून माझ्याकडे बघत राहिला. मी दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या, वर ताक प्यायले, आणि बाईकची किल्ली काढून त्याच्या हातात दिली.