पंचफुलाची राखी

५ ऑगस्ट १९५९, बुधवार

काल तुमसरहून निघालो, आज सकाळी दुर्गला उतरलो. तिथून सिमेंटच्या ट्रकमध्ये बसून पावर हाउसच्या बाजारापर्यंत आलो. हॉटेलवाल्याने मला आपादमस्तक पाहून विचारले, भाऊ, सिमेंट लावायला आले की लावून आले. नव्या गावात पहिल्याच दिवशी कोणी थट्टा केली, की बरे वाटते.

नोकरी कंत्राटदाराच्या बाळंतपणाच्या दवाखान्यात आहे. इथे उभा राहत असलेल्या पोलाद कारखान्याच्या बांधकामावरच्या मजूर बायकांसाठी टिनाची लांब बराक उभारली आहे. आत चुना ताजा, फरशी फिनाईलने धुतलेली, खाटा लोखंडी. मोठ्या सिस्टर राधाबाई नागपूरच्या आहेत. त्यांनी स्वतः चहा दिला आणि म्हणाल्या, कान देऊन ऐक, इथे आरडाओरड नाही. खरेच नव्हती. इतक्या बाळंतिणी, पण एकीचाही आवाज नाही. ही शिस्त मला फार आवडली.

रत्नमालेचे दिवस भरत आले आहेत. सासूबाईंना बाळंतपण माहेरीच हवे, ठकूबाई सुईणीच्या हातून. ठकूबाईची रीत अशी, की कळा सुरू झाल्या की घरातली प्रत्येक गाठ सोडायची: वेणी, पोत्याचे तोंड, गाईचे दावेसुद्धा. म्हणजे बाई लवकर मोकळी होते. मी पत्र टाकले, की इकडेच पाठवा, इथे डॉक्टर आहे. राधाबाईंनी शब्द दिला आहे, की तुझी बायको ती माझी लेक, तिला कोणी चढ्या आवाजात बोलणार नाही. मी त्यांच्या पाया पडलो.

११ ऑगस्ट, मंगळवार

कामाची घडी बसली. दारात आलेल्या बाईला धीर देऊन आत न्यायचे. नातेवाइकांना फाटकाबाहेर ठेवायचे. आईलासुद्धा आत सोडत नाहीत. उरलेल्या वेळात जुन्या चादरी फाडून पट्ट्या करायच्या, उकळायच्या, वाळवायच्या.

राधाबाईंनी विचारले, पट्टीच्या टोकाला पक्का फासा करता येईल का. मी लहानपणापासून तेंदूपत्त्याचे पुडे बांधले आहेत. पुड्याची गाठ ओढली की आवळते, पाने वाळून आकसली तरी सैल पडत नाही. तसे फासे करून दिले. त्या म्हणाल्या, असा माणूस आम्हाला आधीच मिळायला हवा होता. पट्ट्या कशासाठी ते मी विचारले नाही. जखमेला लागत असतील.

मैनाबाई नावाची आया पट्ट्या उचलून नेताना माझ्या हातांकडे पाहत राहिली. का पाहते म्हणून विचारणार होतो, पण ती छत्तीसगढी आहे, माझी भाषा येत नसेल.

१८ ऑगस्ट, राखीपौर्णिमा

सकाळी एक बाई आली. पंचफुला, गोंदियाकडची, डोक्यावर गिट्टीची टोपली वाहणारी. नवरा नत्थू फाटकावर अडवला गेला. ती दारात थांबली, आत पाऊल टाकीना. म्हणाली, इथून परतलेल्या बायका महिनाभर बोलत नाहीत. मी सांगितले, ताई, आत सगळी माणसे चांगली आहेत, मी दारातच आहे.

तेव्हा तिने लुगड्याचा काठ दाताने फाडला आणि माझ्या उजव्या मनगटावर बांधला. म्हणाली, "सख्खा भाऊ नाही मले. आजपासून तुमीच. मी हाक मारली त या."

मी येतो म्हणालो. मन भरून आले होते.

तीच तारीख, संध्याकाळ

झाले ते नीट लिहितो.

दुपारी तिने हाक मारली. भाऊ. पुन्हा, भाऊ. मी दार ढकलले. तिचे दोन्ही हात खाटेच्या दांड्यांना बांधलेले होते. पायही. माझ्या पट्ट्या. माझे फासे. ती ओढत होती आणि ते आवळत होते. राधाबाईंनी तिच्या तोंडावर चापट मारली आणि म्हणाल्या, नवऱ्याजवळ जाताना नाही ओरडलीस ती. मग मला पाहिले.

"दार लाव, देवानंद."

पंचफुला माझ्याकडे पाहत होती. मी दार लावले.

थोड्या वेळाने आतून काहीच ऐकू येईना. रक्त थांबले नाही म्हणे. मूलही गेले. गाठी कोणालाच सुटेनात, म्हणून मला कात्री देऊन आत बोलावले. मनगटांत पट्ट्या रुतल्या होत्या.

१९ ऑगस्ट

राखी सुटत नाही. नीट पाहिले. ती पुड्याची गाठ आहे. ही गाठ मी तिला दाखवली नव्हती. इथे कोणालाच दाखवली नव्हती.

२३ ऑगस्ट

राधाबाईंनी नत्थूला सांगितले, की बाई हट्टी होती, तिनेच अंग सैल सोडले नाही. तो मला विचारायला आला. म्हणाला, तुमी तिचे भाऊ झाले होते ना, तिने काही निरोप ठेवला का. मी नाही म्हणालो.

मग राधाबाईंना विचारले. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, एक डॉक्टर आणि एवढ्या बायका, बांधल्या नाहीत तर कोण धरील? तुझ्या रत्नमालेला मी बांधणार नाही, शब्द दिला आहे ना. त्यांचा आवाज इतका मऊ होता, की मी पुन्हा चादर फाडायला बसलो.

काठ कात्रीने कापायला गेलो. कात्रीचे पाते तुटले.

२९ ऑगस्ट

रत्नमाला आली. राखी पाहून विचारले, ही कोणाची. एका बहिणीची, म्हणालो. तिला आनंद झाला. म्हणाली, या गावात मले नणंद भेटली म्हणा.

सकाळी उठलो तेव्हा माझ्या सदऱ्याच्या दोन्ही बाह्या एकमेकींना बांधलेल्या होत्या. पुड्याची गाठ.

१ सप्टेंबर

आज वाळत घातलेल्या सगळ्या पट्ट्या दोरीवर एकमेकींत गुंतल्या होत्या. मैनाबाई म्हणाली, "वो आ गे हे, भइया." मी समजलो नाही असे दाखवले. समजलो होतो: ती आली आहे.

राखी रोज थोडी आवळते. बोटे गार पडतात.

४ सप्टेंबर

पोळा होऊन गेला. रत्नमालेला म्हणालो, चल, तुमसरला सोडतो, ठकूबाई आहे. तिने कारण विचारले. मला सांगता आले नाही. ती म्हणाली, "तुमीच म्हणत होते ना, इथं बायकांले जपतात म्हणून?"

तिची वेणी सोडायला घेतली तर सुटेना. टोकाशी ती गाठ. पण तिला दुखत नाही. म्हणते, कोणीतरी हळूच बांधली आहे, सांभाळून.

५ सप्टेंबर, सकाळ

कळा सुरू झाल्या. घरातली प्रत्येक गाठ सोडायला बसलो — मच्छरदाणी, पिशवी, नाडा. एक सोडली की दुसरी — सुटत नाहीत. राधाबाईंनी माणसे पाठवून तिला नेले. शब्द लक्षात आहे, म्हणाल्या.

दुपार

बांधले. तिला बांधले. फटीतून पाहिले. राधाबाई हसल्या. म्हणाल्या, लेकीलाच तर बांधतात. मी त्यांच्या पाया पडलो होतो.

रत्नमाला हाक मारते आहे. अहो, या ना. दार लोटलेलेच आहे, कडी लावलेली नाही. पण राखीचे लोंबते टोक — कडीच्या कोयंड्याला बांधलेले आहे. मी बांधले नाही. ओढतो तितकी —

डाव्या हाताने लिहितो. अक्षर वाईट.

हाक थांबली. आत कोणीतरी हळू बोलते आहे. गोंदियाकडची बोली. रत्नमाला विचारते, तुमी कोण. मग — एकेक पट्टी फरशीवर पडल्याचा आवाज. सुटते आहे. सगळे सुटते आहे.

आता राधाबाईंचा आवाज. देवानंद, गाठ सोड. देवानंद, माझे हात — मग तोही नाही.

मूल रडले. मूल रडले!

रत्नमाला हसते आहे. बरी आहे. देवा, बरी आहे.

माझी बोटे काळी पडली. काठ कोपरापर्यंत चढला आहे. आता खांद्याकडे —

दार उघडले. रत्नमाला उभी आहे. केस मोकळे, छातीशी मूल. मनगटांवर वळ. मी हात दाखवला. सोड म्हणालो. तिच्यामागे कोणी — काठ फाटलेले लुगडे —

रत्नमालेने माझ्याकडे पाहिले. ओळखीचे पाहणे नाही. "भाऊ," म्हणाली. आणि दार ला—